वीरपदक कसें मिळतें?

दरवर्षीं २६ जानेवारीस दिल्लींत जें लष्करी संचलन होतें, त्याच्या आरंभीं उघड्या जीपगाड्यांतून मोजके सैनिक राष्ट्रपतींस मानवंदना देत जातात. त्यांत कोणी साधा सुभेदार असतो, कोणी मोठा अधिकारी; परंतु त्या घटकेस हुद्द्याचा विचार कोणी करीत नाहीं. त्यांपैकीं ज्यांच्या छातीवर जांभळ्या फितीचें कांशाचें पदक असतें, ते परमवीर चक्राचे मानकरी होत.

हें पदक मिळतें तरी कसें, असा प्रश्न विद्यार्थ्यांनीं आम्हांस पुष्कळ वेळां विचारला आहे. आणि विचारतांना त्याचें उत्तरहि त्यांनीं मनाशीं ठरवून ठेवलेलें असतें. जो सर्वांहून अधिक शत्रू मारतो त्याला तें मिळतें, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत अगदींच निराधार आहे असें नाहीं. पण ती इतकी अपुरी आहे कीं, खोटीच म्हटली तरी चालेल. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

शूरांचा गौरव करण्याची चाल फार जुनी आहे. राजे लोक आपल्या सरदारांस जहागिरी, मानाचीं वस्त्रें, सोन्याचीं कडीं देत आले. पण हा मान बहुधा सरदारासच मिळे. त्याच्या हाताखालीं जीव देणाऱ्या शिपायाचें नांव बखरींतहि क्वचितच सांपडतें. इंग्लंडांतहि स्थिति फारशी निराळी नव्हती. १८५४ मध्यें रशियाशीं क्रायमियाचें युद्ध जुंपलें तेव्हां वर्तमानपत्रांचे बातमीदार रणभूमीवरून खबरा पाठवूं लागले आणि साध्या शिपायाचे हाल व त्याचें धैर्य लोकांस घरबसल्या कळूं लागलें. अशा शिपायास देण्याजोगें आपणांपाशीं कांहींच नाहीं, ही जाणीव तेथून उत्पन्न झाली. २९ जानेवारी १८५६ रोजीं व्हिक्टोरिया राणीनें आपल्या नांवाचा क्रॉस स्थापन केला. त्याच्या सनदेंतील एक अट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. हुद्दा, दीर्घ नोकरी, अंगावरील जखमा यांपैकीं कशाच्याहि जोरावर हें पदक मागतां येणार नाहीं. शत्रूच्या समोर दाखविलेलें असामान्य धैर्य हाच त्याचा एकमेव हक्क, असें तींत स्पष्ट म्हटलें होतें.

हें पदक ज्या कृत्यासाठीं दिलें गेलें त्यांतलें कालानुक्रमानें पहिलें कृत्य पाहण्यासारखें आहे. २१ जून १८५४ रोजीं बाल्टिक समुद्रांत बोमारसुंडच्या किल्ल्यावर तोफा डागल्या जात असतां 'हेक्ला' या जहाजाच्या डेकवर शत्रूचा एक जळता गोळा येऊन पडला. सर्वांस पालथें पडण्याचा हुकूम सुटला. चार्ल्स ल्यूकस नांवाचा वीस वर्षांचा खलाशी-अधिकारी मात्र धांवत पुढें गेला आणि तो गोळा उचलून त्यानें समुद्रांत फेंकला. पाण्यास पोंचतांच तो फुटला. या कृत्यांत एकहि शत्रू मारला गेला नाहीं, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

पदकाची धातूहि मुद्दाम हलकी निवडली. सेबास्टोपोल येथें रशियनांकडून घेतलेल्या तोफांच्या कांशापासून हे क्रॉस ओततात, अशी प्रसिद्धि आहे. पुढील काळीं कसोशीनें पाहतां त्यांतले बरेचसे चिनी तोफांच्या कांशाचे निघाले. पण बाजारांत मोल नसलेली धातू हीच यांतली खरी खुबी होय. विकण्यासाठीं कोणी हें पदक मिळवूं नये, एवढें तीवरून समजतें.

सनदेंत आणखी एक विलक्षण कलम होतें व त्याची माहिती फारच थोड्यांना असते. एखाद्या मोहिमेंत सारी पलटण किंवा जहाजावरील सारे लोक सारखेच शूर ठरले आणि त्यांतून निवड करणें सेनापतीस अशक्य झालें, तर काय करावें? अशा वेळीं सैनिकांनींच मतें देऊन आपल्यांतून निवड करावी, असें त्या कलमांत ठरविलें होतें. अधिकाऱ्यांनीं एक अधिकारी, नाईक-हवालदारांनीं आपल्यांतला एक आणि शिपायांनीं दोन शिपाई निवडावयाचे. १८५७ मध्यें लखनौच्या लढायांत असें मतदान झालें आणि पहिल्या महायुद्धांत, २३ एप्रिल १९१८ रोजीं झीब्रुग बंदरावर जो हल्ला झाला, त्यानंतरहि झालें. या कलमानें एक गोष्ट सरळच कबूल केली होती. पदक एकाच्या छातीवर लावलें जातें, परंतु पराक्रम पुष्कळदां एकट्याचा नसतो.

हिंदुस्थानच्या सैनिकांना हा क्रॉस १९११ पर्यंत मिळूं शकत नव्हता. त्यांच्यासाठीं ईस्ट इंडिया कंपनीनें १८३७ मध्यें काढलेलें 'इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट' हेंच सर्वश्रेष्ठ समजलें जाई. त्याच सेनेंत, त्याच खंदकांत, तोच मृत्यु समोर असतां गोऱ्या शिपायास एक मान व काळ्यास दुसरा, हा भेद चोपन्न-पंचावन्न वर्षें चालला. १९११ मध्यें तो दूर झाला आणि तीनच वर्षांनीं, ३१ ऑक्टोबर १९१४ रोजीं, बेल्जममधील होलेबेक येथें १२९ व्या बलुची पलटणीच्या शिपाई खुदादादखानानें तो क्रॉस मिळविला. त्याच्या तुकडीचा अधिकारी घायाळ झाला होता व दुसरी मशीनगन गोळ्यानें निकामी झाली होती. खुदादादखान स्वतः जखमी असूनहि आपली मशीनगन चालवीत राहिला. त्या गनेवरील त्याचे पांचहि सोबती मारले गेले. शत्रूनें त्याला मेला समजून सोडलें. रात्रीं अंधारांत सरपटत तो आपल्या पलटणींत परत आला.

हा मनुष्य परत आला नसता तर? येथें आपण आमच्या मूळ प्रश्नाच्या गाभ्याशीं येतों.

पदकासाठीं अर्ज करतां येत नाहीं. कृत्य घडावें लागतें. तें कोणीतरी पाहावें लागतें. पाहणारा जिवंत राहावा लागतो. आणि त्यानें सांगितलेलें कोणा अधिकाऱ्यानें कागदावर नीट उतरावें लागतें. पलटणीचा मुख्य अधिकारी हकीकत लिहून शिफारस करतो, सोबत प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या सह्यांचे जबाब जोडतो. व्हिक्टोरिया क्रॉसच्या बाबतींत सामान्यतः तीन साक्षी लागत. मग ती शिफारस ब्रिगेड, डिव्हिजन, सेनेचें मुख्य ठाणें अशा एकेक पायऱ्या चढत वर जाते. प्रत्येक पायरीवर कोणीतरी विचारतो, हें खरोखरच सर्वश्रेष्ठ पदकाच्या तोलाचें आहे काय? पुष्कळ शिफारशी तेथेंच खालच्या पदकावर उतरतात. आपल्या देशांत शेवटीं राष्ट्रपतींची मंजुरी मिळून नांव राजपत्रांत प्रसिद्ध होतें आणि त्याबरोबर त्या कृत्याचें मानपत्रहि.

इतकी दक्षता घेऊनहि चूक होते ती होतेच. १९९९ च्या कारगिलच्या लढाईंत टायगर हिलचा कडा चढतांना ग्रेनेडियर योगेंद्रसिंग यादव यांस अनेक गोळ्या लागल्या. तरी ते वर पोंचले आणि शत्रूच्या खंदकांत हातबाँब टाकून त्यांनीं मागच्या सोबत्यांना वाट करून दिली. वय अवघें १९ वर्षांचें. त्यांस परमवीर चक्र जाहीर झालें तें मरणोत्तर म्हणून! त्याच पलटणींत त्याच नांवाचा दुसरा एक जवान धारातीर्थीं पडला होता, त्यामुळें हा घोटाळा झाला. खरे मानकरी त्या वेळीं इस्पितळांत बरे होत होते.

मेलेल्यास पदक द्यावें कीं नाहीं, हाहि वाद जुनाच. आरंभीं व्हिक्टोरिया क्रॉस मृतास देत नसत. जानेवारी १८७९ मध्यें झुलूंबरोबरच्या लढाईंत पलटणीचें निशाण वांचवितांना मेल्व्हिल व कॉगहिल हे दोन तरुण अधिकारी मारले गेले. ते जगले असते तर क्रॉससाठीं त्यांची शिफारस झाली असती, एवढेंच त्या वेळीं सरकारनें प्रसिद्ध केलें. त्यांच्या घरच्यांच्या हातीं क्रॉस पडला तो १९०७ मध्यें, म्हणजे २८ वर्षांनीं. जो जगला त्याला मान आणि ज्यानें सर्वस्व दिलें त्याला मात्र एक ओळ, हा न्याय कोणासहि पटण्याजोगा नव्हता. तो बदलला हें योग्यच झालें. आज परमवीर चक्राच्या २१ मानकऱ्यांपैकीं १४ जणांस तें मरणोत्तर मिळालेलें आहे.

महाराष्ट्रांतील दोन वीरांचीं उदाहरणें येथें दिलीं पाहिजेत. दोघेहि मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघांचाहि जन्म १९२१ चा आणि दोघांचीहि रणभूमि दूर इटलींत. नाईक यशवंत घाडगे हे कुलाबा (आतांचा रायगड) जिल्ह्यांतील माणगांव भागांतले. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडींतील त्यांच्याखेरीज सर्व जण ठार किंवा जायबंदी झाले. घाडगे एकटेच त्या गनेवर धांवून गेले. हातबाँबनें त्यांनीं ती बंद पाडली, एकास गोळी घातली आणि बंदूक पुन्हां भरण्यास अवकाश नव्हता म्हणून उरलेल्या दोघांस तिच्या दस्त्यानें मारिलें. त्याच क्षणीं लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या लागून ते पडले. माणगांवांत त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ मध्यें इटलींतील मोंटोन या गांवींहि त्यांच्या स्मरणार्थ एक छायायंत्र उभारण्यांत आलें.

घाडग्यांचें कृत्य आमच्या विद्यार्थ्यांच्या समजुतीशीं जुळतें. दुसऱ्या वीराचें मात्र अर्धेंच जुळतें. शिपाई नामदेव जाधव हे अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) जिल्ह्यांतील निमज गांवचे. ते कंपनीचे रनर होते, म्हणजे कमांडराचे निरोप पोंचविणें हें त्यांचें काम. ९ एप्रिल १९४५ च्या सायंकाळीं त्यांची कंपनी सेनिओ नदी ओलांडीत होती. नदी कसली, पंधरा फूट रुंदीचा ओढाच तो. पण दोन्ही कांठांवर तीस-पस्तीस फूट उंचीचे उभे बांध, त्या बांधांत जर्मनांनीं कोरलेलीं बिळें, आणि पूर्वेकडील बांधाच्या आंतल्या अंगास सुरुंगांचा पट्टा. पाणी ओलांडून पलीकडे निघतांच पाठीमागच्या बांधांतून मारा सुरू झाला. कमांडर व दोन शिपाई घायाळ झाले. जवळचे बाकीचे सारे मेले. जाधव तेवढे राहिले. त्यांनीं प्रथम काय केलें? एका घायाळास पाठीवर घेतलें, छातीइतक्या पाण्यांतून नेलें, सुरुंगांच्या पट्ट्यांतून तो उभा बांध चढून सुरक्षित जागीं ठेविलें. मग परत जाऊन दुसऱ्यास आणिलें. दोन्ही खेपांस उखळी तोफांचा व मशीनगनचा मारा चालूच होता. हें झाल्यावरच ते तिसऱ्यांदा निघाले व शत्रूच्या ठाण्यांवर तुटून पडले. एक ठाणें टॉमीगननें बंद केलें. हातास गोळी लागल्यानें ती चालवितां येईना, तेव्हां ती टाकून हातबाँबांनीं आणखी दोन बंद केलीं. शेवटीं बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून मराठ्यांची रणगर्जना करीत त्यांनीं मागच्या कंपन्यांस पुढें बोलाविलें.

त्या दोन खेपा जाधवांनीं केल्या नसत्या तरी त्यांस कोणी दोष दिला नसता. निरोप्याचें तें काम नव्हतें. आमच्या मतें मानपत्राचा खरा जीव त्या दोन खेपांतच आहे.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशानें स्वतःचीं पदकें निर्माण केलीं. परमवीर चक्र, महावीर चक्र व वीर चक्र हीं २६ जानेवारी १९५० रोजीं, पण १५ ऑगस्ट १९४७ पासून अमलांत आल्याप्रमाणें, स्थापन झालीं. शत्रूसमोर नव्हे, अन्य प्रसंगीं दाखविलेल्या शौर्यासाठीं अशोक चक्राची माळ निराळी आहे. परमवीर चक्राची आकृति ज्यांनीं रेखाटली त्यांची हकीकत मोठी मौजेची आहे. सावित्रीबाई खानोलकर यांचा जन्म १९१३ मध्यें स्वित्झर्लंडांत झाला. हिंदुस्थानांत येऊन त्यांनीं विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशीं विवाह केला आणि येथील भाषा, पुराणें व कला यांत इतक्या रमल्या कीं, महाराष्ट्रांतील संतांवर त्यांनीं पुढें इंग्रजींत ग्रंथ लिहिला. पदकावर त्यांनीं इंद्राचीं चार वज्रें कोरलीं. वृत्रासुराच्या वधासाठीं दधीचि ऋषींनीं आपल्या अस्थि दिल्या व त्यांचें वज्र झालें, ही कथा वाचकांस ठाऊक आहेच. पहिलें परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांस मिळालें. हाताला प्लास्टर असतांहि ते श्रीनगरजवळ बडगाम येथें ३ नोव्हेंबर १९४७ रोजीं लढतां लढतां पडले. योगायोग असा कीं, शर्मा हे सावित्रीबाईंच्या कन्येचे दीर होत.

पुणें व मुंबई यांचा संबंध पुढेंहि आला. पूना हॉर्स या रिसाल्याचे ले. कर्नल अर्देशीर तारापोर मुंबईंत जन्मलेले. १९६५ मध्यें जखमी असतांहि रणांगण सोडण्यास त्यांनीं नकार दिला व १६ सप्टेंबरला ते कामास आले. त्याच रिसाल्याचे अरुण खेत्रपाल पुण्यांत जन्मलेले. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत पेटलेला रणगाडा सोडण्यास ते तयार होईनात, कारण त्याची तोफ अजून चालत होती. वय २१.

पण आम्हांस ज्यांच्याविषयीं अधिक लिहावयाचें आहे ते सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडिये गांवचे. कारवार त्या वेळीं मुंबई इलाख्यांत होतें. १९४० मध्यें ते साधे शिपाई म्हणून बाँबे इंजिनियर्समध्यें शिरले आणि डिसेंबर १९४७ मध्यें अधिकारी झाले. इंजिनियर पलटणीचें काम म्हणजे रस्ते, पूल, सुरुंग. ८ एप्रिल १९४८ रोजीं काश्मीरांत नौशेऱ्याहून राजौरीकडे रणगाडे निघाले. डोंगरी रस्ता शत्रूनें सुरुंगांनीं व झाडांनीं अडविलेला, आणि रस्ता मोकळा झाल्याविना रणगाडे एक पाऊल टाकूं शकत नव्हते. तो मोकळा करण्याचें काम राण्यांकडे आलें.

सकाळीं अकरा वाजतां, काम सुरू होण्यापूर्वींच, उखळी तोफांचे गोळे त्यांच्या पथकावर पडले. दोघे ठार झाले, पांच जखमी झाले. त्या पांचांत राणे स्वतः होते. त्यांनीं उरलेल्या माणसांची पुन्हां जुळवाजुळव केली व कामास आरंभ केला. त्या रात्रीं दहापर्यंत ते शत्रूच्या नजरेसमोर रणगाड्यांसाठीं वळणरस्ता खोदीत होते. ९ तारखेस पहांटे सहापासून दुपारीं तीनपर्यंत तेंच. रस्ता तयार होतांच ते सर्वांच्या पुढच्या चिलखती गाडींत बसले. अर्ध्या मैलावर पाइनचीं झाडें आडवीं पाडलेलीं. तीं स्फोटकांनीं उडविलीं. तीनशें यार्डांवर पुन्हां झाडें, पुन्हां तेंच. पांच वाजतां उद्ध्वस्त मोरी. मशीनगनचा मारा चुकवीत तिच्या बगलेनें वाट काढली. सव्वासहास पांच मोठे वृक्ष, भोंवतीं सुरुंग, वरून मारा. अंधार पडला म्हणून मुख्य अधिकाऱ्यानें काम थांबविलें. १० तारखेस पहांटे पावणेपांचला राणे पुन्हां त्याच जागीं हजर. साडेसहास तो अडथळा निघाला. पुढच्या हजार यार्डांत अडथळे व कोसळलेले बांध यांची रासच होती; साडेदहापर्यंत तीहि संपली. दुपारीं दोनला रणगाडे चिंगसला पोंचले. येथें त्यांनीं विश्रांति घेतली असती तर कोण बोलणार होतें? पण मागून दाणागोटा घेऊन येणाऱ्या मोटारींस रस्ता हवाच होता. अन्न नाहीं, झोंप नाहीं, रात्रीं नऊपर्यंत काम. ११ तारखेस पहांटे सहाला पुन्हां आरंभ, अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला, आणि रात्रीं दहापर्यंत पुढचा. १२ एप्रिलला राजौरी हातीं आली.

राण्यांचें मानपत्र आम्हीं मुद्दाम बारकाईनें वाचलें. त्यांत वेळा आहेत, मैल आहेत, झाडें, मोऱ्या व सुरुंग आहेत. चार दिवसांच्या त्या हकीकतींत त्यांनीं शत्रूचा एकहि मनुष्य मारल्याचा उल्लेख नाहीं. तें मानपत्र म्हणजे एका रस्त्याच्या कामाची रोजनिशीच वाटते. आणि त्यासाठीं देशानें आपलें सर्वश्रेष्ठ पदक दिलें. एक उडी, एक क्षण, एक गर्जना यांचें धैर्य आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु अंधार पडल्यावर थांबून पहांटे पावणेपांचला जखमी अंगानें पुन्हां त्याच सुरुंगांपाशीं जाऊन बसणें, आणि असें एकदां नव्हे, तीन सकाळीं करणें, हें आम्हांस अधिक अवघड वाटतें.

१९४७-४८ च्या त्या लढाईंत पांच जणांस परमवीर चक्र मिळालें. तिघे रणांतच पडले होते. हयात राहिले ते लान्स नाईक करमसिंग व राणे. राणे पुढें पुष्कळ वर्षें जगले व ११ जुलै १९९४ रोजीं पुण्यांत वारले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. अंदमान-निकोबारमधील २१ बेटांस जानेवारी २०२३ मध्यें २१ परमवीरांचीं नांवें दिलीं, त्यांत एक राण्यांचें आहे. ८ एप्रिलच्या सकाळीं अकरा वाजतां त्यांच्या शेजारीं जे दोघे पडले, त्यांचा उल्लेख मानपत्रांत 'दोन माणसें' एवढाच आहे.